ओळख आणि ओझे

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. समोर कोणी येऊन बसले की त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हा कोण? आणि याच्या पाठीवर ओझे कशाचे? पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून पात्र उभे राहत नाही. दुसऱ्याचे मिळाल्यावाचून ते पाऊल उचलीत नाही. हे दोन प्रश्न निराळे आहेत, एवढे मला लिहिता लिहिता उमगले होते. परंतु हेच प्रश्न मिठाच्या खड्यालाही विचारता येतात, आणि तो त्यांची उत्तरे दोन निरनिराळ्या आकड्यांत देतो, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

मी मॅट्रिक. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की नववीचा तास माझ्याकडे येतो. त्या तासाला माझ्याकडून वर्ग शांत ठेवण्यापलीकडे कोणाची अपेक्षा नसते, आणि माझीही नसते. २०१८ साली असाच एक तास होता. विज्ञानाच्या खोलीत आवर्तसारणीचा मोठा तक्ता टांगलेला आहे. त्यात ११८ चौकोन. प्रत्येकात मध्यभागी एक-दोन अक्षरे, वर एक पूर्णांक आणि खाली बहुतेक ठिकाणी दशांशचिन्ह असलेला दुसरा आकडा. मुले कसलीशी आकृती काढीत होती. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली,

"सर, क्लोरीनच्या वर सतरा लिहिलंय. ते कळलं. सतरा प्रोटॉन. पण खाली साडेपस्तीस आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मोजून वजन काढतात ना? मग हा अर्धा कुठून आला? कोणी मोडला?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न फार चांगला होता. "सोमवारी सांगतो," असे मी म्हणालो आणि शनिवार-रविवार ग्रंथालयात काढले. त्या दोन दिवसांत जे हाती लागले ते एखाद्या कादंबरीहून कमी नव्हते.

माझे वडील सांगलीच्या बाजारात तोलार होते. हळदीची पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्याने पुकारायचे, पोते उतरवायचे, यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणत, "काट्याला पोतं कळतं, दाणा कळत नाही." रसायनशास्त्रज्ञांची शंभर वर्षे हीच अडचण होती. अणू कोणाला दिसत नव्हता, मग तो तोलायचा कसा? पण एका पदार्थाचा किती भार दुसऱ्याच्या किती भाराशी संयोग पावतो, हे तोलता येत होते. त्यावरून डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रोजनला एक धरून इतरांची वजने मांडली. म्हणजे पोती तोलून दाण्याचा अंदाज बांधला. १८१५ साली प्राउट नावाच्या लंडनच्या एका डॉक्टराने स्वतःचे नाव न घालता एक लेख छापला. त्याचे म्हणणे असे, की ही सारी वजने हायड्रोजनच्या पटीत येतात. तेव्हा सगळी सृष्टी हायड्रोजनच्याच विटांनी बांधलेली असावी. कल्पना सुंदर होती. ती क्लोरीनने मोडली. कितीही काळजीने तोला, क्लोरीन साडेपस्तिसाच्या आसपासच येई. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न एवढा जुना होता.

पुढे १८६९ साली रशियात मेंडेलीव्हने त्या वेळी ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये परत येताना दिसली. जिथे स्वभाव जुळेना तिथे त्याने जागा रिकामी सोडली आणि इथे कोणीतरी यायचे आहे, असे सांगितले. १८७५ मध्ये गॅलियम आले, १८८६ मध्ये जर्मेनियम आले, आणि आपापल्या रिकाम्या जागी बसले. पंगतीत पाहुणा यायच्या आधीच त्याचे पान मांडून ठेवावे, तसा हा प्रकार.

पण एका ठिकाणी पंगत बिघडली. टेल्युरियमचे वजन १२७.६ आणि आयोडीनचे १२६.९. वजनाने पाहिले तर आयोडीन आधी हवे. स्वभावाने पाहिले तर आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातले. त्याला तिथेच बसवायचे तर ते टेल्युरियमच्या नंतर येते. मेंडेलीव्हने स्वभावाचे ऐकले. आयोडीनला त्याच्या भाऊबंदांत बसवले आणि टेल्युरियमचे वजन मोजण्यात कोणाची तरी चूक झाली असली पाहिजे, असे धरून चालला. वजन पुन्हा पुन्हा मोजण्यात आले. टेल्युरियम जडच भरले. पुढे कोबाल्ट आणि निकेल, आरगॉन आणि पोटॅशियम यांचीही तीच तक्रार निघाली. स्वभाव एक सांगतो आणि काटा दुसरेच सांगतो.

या कथेत पुढे जी माणसे येतात त्यांनी मला विशेष लळा लावला. पहिला व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच गृहस्थ. पेशाने वकील, पदार्थविज्ञान हा केवळ फावल्या वेळचा नाद. १९११ साली त्याने एक तर्क मांडला. तक्त्यातला क्रमांक हा नुसता हजेरीपटावरचा नंबर नसावा. अणूच्या गाभ्यातल्या विद्युत्‌भाराची संख्या तीच असावी. हा तर्क एका वकिलाच्या टेबलावर जन्मला, हे वाचून माझ्यासारख्या मॅट्रिक माणसाला केवढा धीर आला असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

दुसरा हेन्री मोझली. वकिलाचा तर्क त्याने कसाला लावला. वेगवेगळ्या मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची कंपनसंख्या त्याने मोजली. तिचे वर्गमूळ काढले तर ते एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना सारख्याच पायरीने चढत होते, जणू जिन्याच्या पायऱ्या. कोबाल्टची पायरी २७ वी, निकेलची २८ वी. काट्याने काहीही सांगितले तरी. ४३, ६१ आणि ७५ या पायऱ्यांवर कोणीच नव्हते. मग त्या जागा रिकाम्या आहेत, असे त्याने सांगितले, आणि १९४५ सालापर्यंत त्या तिन्ही भरल्या. हे काम १९१३ आणि १९१४ मधले. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत डोक्यात गोळी लागून मोझली मरण पावला. वय २७. कोबाल्टचा क्रमांक आणि त्याचे वय एकच आहे, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. रविवारी रात्री वहीत टिपणे काढताना ते आपोआप माझ्या डोळ्यांपुढे आले.

तिसरी एक बाई. मार्गारेट टॉड. ही आधी शाळेत शिकवत असे, पुढे डॉक्टर झाली, आणि १८९२ साली पुरुषाचे टोपणनाव घेऊन तिने कादंबरी लिहिली. १९१३ साली ग्लासगोमध्ये एका घरी जेवणाच्या वेळी फ्रेडरिक सॉडी आपली अडचण सांगत होता. काही अणू वजनाने निराळे आहेत, पण रासायनिक रीतीने त्यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. तक्त्यातल्या एकाच घरात त्यांना राहावे लागते. यांना म्हणावे काय? टॉडबाईंनी ग्रीकमधून दोन शब्द जोडून दिले, त्यांचा अर्थ 'तीच जागा'. त्यावरून आयसोटोप. आपल्याकडे पाठ्यपुस्तकात त्याला समस्थानिक म्हणतात, आणि तो शब्दही तितकाच नेमका आहे. शास्त्रज्ञाला सापडलेल्या वस्तूला नाव दिले ते एका शिक्षिकेने, एका कादंबरीकाराने. आमच्या जातीचा एवढा उपयोग विज्ञानाला झाला, ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा तरी सांगितली असेल.

सोमवारी मी फळ्यावर चार अणू काढले. तीन अणूंत १७ प्रोटॉन आणि १८ न्यूट्रॉन, वस्तुमानांक ३५. चौथ्यात १७ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, वस्तुमानांक ३७. चौघांचाही अणुअंक १७, म्हणून चौघेही क्लोरीन. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये हे प्रमाण जवळजवळ असेच आहे. मग म्हणालो, "बेरीज करा आणि चाराने भागा." पस्तीस त्रिक एकशे पाच, अधिक सदतीस, एकशे बेचाळीस. भागिले चार, साडेपस्तीस. मी सांगितले, "कोणी काही मोडलेले नाही. साडेपस्तीस वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. ही गोणीची सरासरी आहे."

ती मुलगी क्षणभर तक्त्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आमच्या वर्गाची सरासरी बावन्न आली, तरी बावन्नवाला कोणीच नाही, तसंच." एवढे बोलून ती खाली बसली.

टेल्युरियमचे कोडेही असेच सुटते. निसर्गात आयोडीन एकाच प्रकारचे मिळते: ५३ प्रोटॉन, ७४ न्यूट्रॉन. टेल्युरियमच्या अणूत प्रोटॉन ५२ च, म्हणजे एक कमी. पण त्याच्या गोणीत दोन तृतीयांश दाणे १२८ आणि १३० वजनाचे जड दाणे असतात. त्यामुळे सरासरी आयोडीनच्या वर जाते. मेंडेलीव्हचा काटाही बरोबर होता आणि नजरही बरोबर होती. काटा ओझे सांगत होता आणि नजर ओळख सांगत होती, एवढेच.

हे सारे तिथेच राहिले असते. तक्त्यातल्या ५३ व्या घराशी माझा संबंध २०२३ साली पुन्हा आला, आणि तो शाळेत नव्हे.

पत्नीच्या गळ्याशी गाठ आली. ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रियेने थायरॉइडची ग्रंथी काढली. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता आयोडीन द्यायचं." मला वाटले, मिठातले. ते म्हणाले, "तेच. फक्त थोडं जड."

मिठातले आयोडीन १२७ वजनाचे. हे १३१. प्रोटॉन तेच ५३. न्यूट्रॉन चार अधिक, ७८. त्या चार कणांच्या ओझ्याने हा अणू अस्थिर होतो. आठ दिवसांत असल्या अणूंपैकी निम्मे फुटतात, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यांपैकी निम्मे. फुटताना जो किरण निघतो त्यातला एक भाग शरीरात दोन-एक मिलिमीटरच जातो आणि तिथल्या पेशी मारतो. थायरॉइडच्या पेशींना आयोडीनची भूक असते. शरीरात त्यांचा एखादा कण कोठे मागे राहिला असेल तर तो आपण होऊन हे आयोडीन ओढून घेतो आणि त्यानेच मरतो. अतिक्रियाशील थायरॉइडवर किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार १९४१ साली बोस्टनमध्ये झाला होता.

त्या पेशींची भूक वाढावी म्हणून आधी दोन आठवडे तिला आयोडीनपासून तोडले. बाजारचे मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद. थायरॉइडची गोळीही काही आठवडे थांबवलेली. ग्रंथीही नाही आणि गोळीही नाही, म्हणून तिचे सारे शरीर मंदावले. भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजे. आवाज जड झाला, चेहरा सुजला, वजन वाढत चालले. भाजीत आयोडीन नसलेले मीठ घालताना एका संध्याकाळी तिने मला विचारले,

"अहो, पण शरीराला कळत कसं नाही? हे विष आहे म्हणून थुंकून का टाकत नाही?"

मी तिला शाळेतला तक्ता सांगितला. "त्याला दारावरचा नंबर दिसतो. त्रेपन्न. नंबर जुळला की दार उघडतं. आलेल्याच्या पाठीवर किती ओझं आहे, ते बघायची सोय दारात नाही."

"म्हणजे फसवून आत शिरायचं."

"हो."

"मग ठीक आहे. ती गाठ तरी कुठं सांगून आली होती?"

औषधाची कुपी शिशाच्या जाड डब्यातून आली. तिने ती गिळली, आणि त्या क्षणापासून तीन दिवस त्या खोलीत मला जायला बंदी होती. मुलगी दहा वर्षांची. तिला आधीच आजोळी पाठवले होते. मध्ये एकच भिंत, पण आम्ही फोनवर बोलत होतो. ती म्हणे, "काही होत नाही हो. नुसती लाळ सुटत नाही आणि तोंडाला चव नाही." मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब करी. आठ दिवसांनी निम्मे. सोळा दिवसांनी पाव. चोवीस दिवसांनी अर्धपाव.

त्या बाकावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मी अजून विसरू शकलेलो नाही. आयोडीनचा हा अणू फुटतो म्हणजे नेमके काय होते? त्याच्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. वजन होते तेवढेच राहते, १३१. पण अंक ५३ चा ५४ होतो, आणि ५४ म्हणजे झेनॉन: कोणाशी सहसा संयोग न पावणारा, श्वासाबरोबर बाहेर निघून जाणारा वायू. चार न्यूट्रॉनांचे ओझे वाढले तेव्हा आयोडीन आयोडीनच राहिले. एक प्रोटॉन वाढला, वजन रतिभरही हलले नाही असे म्हटले तरी चालेल, आणि आयोडीन संपले. माणसे ज्याला सारखे मोजत होती त्याने नाव बदलत नाही, आणि ज्याने नाव बदलते ते शंभर वर्षे कोणाला मोजताच आले नव्हते.

म्हणून ओझे क्षुल्लक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणायला मी तोलाराचा मुलगा नसायला हवे होते. युरेनियमचे उदाहरण घ्या. अंक ९२, सर्वांचा एकच. पण हजारांतले सुमारे सात अणू २३५ वजनाचे आणि बाकीचे जवळजवळ सारे २३८ वजनाचे. तीन न्यूट्रॉनांचा फरक. तारापूरला १९६९ पासून वीज दिली ती या हजारांतल्या सातांनी. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा जाळले तेही त्यांनीच. एकाच नावाची, एकाच घरातली भावंडे. कोण टिकेल, कोण फुटेल आणि फुटल्यावर कोणाच्या घरात दिवा लागेल की आग, हे पाठीवरच्या ओझ्याने ठरते. माझ्या वडिलांनी तीस वर्षे पोती वाहिली. त्यांचे नाव शेवटपर्यंत तेच राहिले. खांदे तेवढे राहिले नाहीत.

मला वाटते, आपण शाळेत, सोयरिकीत, बाजारात माणसे ओळखतो म्हणतो तेव्हा बहुधा तोलत असतो. मार्क, पगार, अंगावरचे सोने, ही सगळी काट्याची भाषा. काटा खोटे बोलत नाही. फक्त त्याला विचारलेला प्रश्न निराळा असतो.

तिसऱ्या दिवशी एका यंत्राने अंतरावरून तिच्या अंगातला किरणोत्सर्ग मोजला आणि तिला घरी सोडले. मुलांपासून दोन आठवडे दूर राहायचे, अशी ताकीद होती. ते दोन आठवडे संपल्यावर मी मुलीला आजोळहून घेऊन आलो. ती दारात उभी राहिली. पत्नी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. ती हात पुढे करीना.

"अहो, सोळा दिवसांनी पाव उरतं म्हणालात ना? मग अजून उरलंय की."

मी म्हणालो, "ते डब्यात ठेवलेल्याचं. शरीरातलं बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. म्हणून तर तेव्हा तिथं ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मोजून, हिशेब करूनच दोन आठवडे सांगितलेत."

"मोजलंय ना पण नक्की?"

"मोजलंय."

तिने हात पुढे केले. महिन्याभरात तिचा चेहरा सुजून निराळा झाला होता, डोळे बारीक झाले होते, आवाज घोगरा झाला होता. अंगावर काही किलो चढले होते. बाजारात एखाद्या ओळखीच्या बाईने तिला पाहून पुढे निघून जावे, इतका फरक पडला होता. मुलीला तो दिसलाही नसावा. ती चप्पलसुद्धा न काढता धावत गेली.